पंचावन्न किलो वाळू

मी थैला बोलतोय. वाळूचा. ऐकायचं तर ऐक, नाहीतर पुढच्या खोलीत बेड्या ठेवल्यात, त्या बघ.

परक्यांचं राज्य होतं तेव्हा याच तुरुंगाच्या शिवणखात्यात कैद्यांनी मला शिवलं. जाड ताडपत्री, दुहेरी टाके. त्यांना वाटलं धान्यासाठी असेल. कसलं धान्य! ज्याला फाशी द्यायची त्याचं वजन करायचे, तेवढी वाळू माझ्यात भरायचे आणि आदल्या दुपारी माझ्या गळ्यात दोर घालून फळ्यांवर ठेवायचे. दोर टिकतो का बघायला. दांडा ओढला की फळ्या खाली, मी खाली.

धाड!

सगळ्या बराकी गप्प व्हायच्या. घास तोंडातच राहायचा. उद्या कोणाची पाळी, ते सगळ्यांना ठाऊक. स्वातंत्र्य मागत होती ती पोरं, दुसरा गुन्हा नाही. आणि त्यांच्या मरणाची वर्दी देणार कोण, तर मी. माझा काय दोष? पण लाज वाटते ती वाटतेच.

राज्य गेलं. मला रिकामं करून कोपऱ्यात फेकलं. उंदरांनी एक कड खाल्ली. खाऊ देत म्हटलं.

मग तुरुंगाचं म्यूझियम झालं. परवा नवा मॅनेजर आला आणि फिटरला म्हणाला, "दांड्याला तेल घाल, थैल्याला ठिगळ लाव. नुसतं बघून लोक कंटाळतात. काहीतरी वाजलं पाहिजे."

काल दुपारी मला भरून फळ्यांवर ठेवलं. चाचणी घेणार, तेवढ्यात एक म्हातारी काठी टेकत आली. बरोबर जावई.

"यात काय भरलंय?"

"वाळू, आजी. पंचावन्न किलो."

"पंचावन्नच का?"

मॅनेजर खुशीत आला. "जुनं रजिस्टर सापडलं ना! इथं शेवटचा जो गेला, त्याचं वजन. तंतोतंत. खोटं काही ठेवत नाही आपण."

म्हातारीनं काठी जावयाकडे दिली. फळ्यांवर आली, खाली बसली आणि दोन्ही हात माझ्याभोवती टाकले.

"दादा माझा," ती म्हणाली. "अंगसुद्धा दिलं नाही आम्हाला. आतच पुरलं. एवढाच होता होय रे? मला केवढा वाटायचा!"

तिचा दादा मला आठवतो. फळ्यांवर चढताना कोपऱ्यात मला बघितलं आणि शिपायाला म्हणाला, "हा तर माझ्याहून धडधाकट दिसतोय, तुमच्या पलटणीत याचीच भरती करा." शिपाई हसला नाही. हे तिला कसं सांगू? मला तोंड आहे, ते बांधायला.

"आजी, सरका आता," मॅनेजर म्हणाला. "दांडा ओढायचाय."

"ओढ. मी बसलेय."

फिटरनं हात मागे घेतला. "साहेब, मी नाही ओढत."

जावई घामाघूम. "आई, उठा हो! खाली विहिरीएवढा खड्डा आहे."

"तुम्ही गप्प बसा, जावईबापू. ह्यांचा खेळ ह्यांनी करावा. पण माझ्या भावाच्या वजनाचा नको. काढा वाळू."

मॅनेजरनं घड्याळ बघितलं. "बरं बाई, काढतो. सोड रे तोंड."

फिटरनं मला मोकळं केलं. म्हातारीनं ओंजळी भरभरून वाळू आपल्या पिशवीत घेतली. जाताना मॅनेजरला हात जोडले. त्या गाढवाला!

म्हातारीची गाडी फाटकाबाहेर गेली तसा मॅनेजर म्हणाला, "भर परत."

"साहेब, शब्द दिलात."

"बोर्ड रंगवून झालाय. पंचावन्न लिहिलंय. भरायची नसेल तर उद्यापासून घरी बस."

फिटरच्या घरी चार तोंडं. त्यानं फावडं उचललं. काटा त्रेपन्नावर थांबला.

"दोन किलो आजीनं नेली," तो म्हणाला.

"अंगणातली टाक. वाळू ती वाळूच."

टाकली. तोंड आवळलं. आता सकाळ झालीय, मी फळ्यांवर आहे, गळ्यात दोर आहे. दहाला पहिला खेळ आहे. आणि ऐक, दांडा मॅनेजर स्वतः ओढणार नाही. तो पाहुण्याच्या हातात देणार आहे. "या, तुम्हीच ओढा," म्हणेल, हसत. लोक मोबाईल वर धरतील.

तो पाहुणा तू असशील. शिव्या देत नाही, विनवतोय. तेवढं नाही म्हण.