कमान चोवीस, नळ पंचवीस

भिवरगावची नगरपालिका म्हणजे नऊ मेंबर, दोन कारकून आणि एक मैलागाडी. मेंबर बदलले, कारकून बदलले, गाडी मात्र वीस वर्षं तीच राहिली. गावातले टोपलीचे संडास उपसून ती गळकी गाडी रोज सकाळी नऊच्या सुमाराला ओढा ओलांडायची आणि भीमनगरच्या वरच्या अंगाला, उताराच्या माथ्यावर रिकामी व्हायची. उताराच्या पायथ्याशी भीमनगरची विहीर होती. पाणी वरून खाली येतं हे कळायला काही कॉलेजात जावं लागत नाही, पण पालिकेला ते वीस वर्षांत कळलं नव्हतं. गावच्या नळाचा पाइप ओढ्याच्या अलीकडे येऊन थांबला होता, तोही वीस वर्षं.

जाईबाई सोनवणे राखीव जागेवरून निवडून आली ती या पाइपासाठीच. नवरा म्हाळू दौंडला रेल्वेच्या गँगमध्ये, रविवारचा तेवढा घरी. घरात सून ललिता. तिला सातवा लागला होता. पहिलं लेकरू अकरा महिन्यांचं होऊन गेल्या श्रावणात हगवणीनं गेलं. त्याच महिन्यात वस्तीतली आणखी दोन पोरं गेली. विहीर बदला, असं एका डॉक्टरनं सांगितलं, विहीर म्हणजे जणू अंगावरचं लुगडं. नाहीतर पाणी उकळून प्या म्हणाला. एवढं सरपण कुठून आणायचं ते मात्र त्यानं सांगितलं नाही. चुलीवर एका वेळेची भाकरी होताना मारामार, तिथं हंडाभर पाणी कोण उकळतंय? चहापुरतं उकळायचं, बाकीचं तसंच प्यायचं.

दुष्काळ सरून दोन वर्षं झाली आणि सरकारकडून वस्ती-सुधारणेचं अनुदान आलं. ते एकाच कामाला पुरणार होतं. मागण्या नऊ वॉर्डांच्या नऊ होत्या. कुणाला तालमीवर पत्रा हवा होता, कुणाला देवळाभोवती ओटा, तर आनंदराव गुरुजींना वाचनालयाची खोली. जाईबाईला नळ हवा होता. आणि पालिकेचे अध्यक्ष सोपानराव यांना हवी होती स्वागत कमान. पाटसकडून येणारा रस्ता गावात शिरतो तिथं, त्यांच्या कैलासवासी वडिलांच्या नावाची. गावात धड गटार नव्हतं, पण पाहुण्यानं नाक दाबून का होईना कमानीखालून यावं, अशी अध्यक्षांची इच्छा होती.

मुख्याधिकारी देवस्थळी नवेच पुण्याहून आलेले. तरुण माणूस, इस्त्रीची पँट, मनानं चांगला. त्यांनी एक युक्ती काढली. प्रत्येक मेंबरानं नऊच्या नऊ कामांना आपल्या हातानं अग्रक्रम द्यायचा. सगळ्यात निकडीच्या कामाला एक, त्यानंतरच्याला दोन, असं करत नऊपर्यंत. मग एकेका कामाच्या आकड्यांची बेरीज करायची आणि ज्याची बेरीज सगळ्यात कमी ते काम पहिलं.

"यात वशिला चालणार नाही," देवस्थळी खुशीत म्हणाले. बिचारे गणित शिकून आले होते, माणसं शिकायची राहिली होती.

सोपानराव आठ दिवस मेंबरांच्या घरी हिंडले. पहिला नंबर त्यांनी कुणाकडेच मागितला नाही.

"पहिला ज्यानं त्यानं आपल्या वॉर्डाला द्यावा," ते म्हणायचे. "आमी कुणाच्या तोंडचा घास काढणार न्हाई. दुसरा तेवढा कमानीला द्या. म्हाताऱ्याचा मान म्हणून."

दुसऱ्या नंबराला नाही कोण म्हणणार? आपलं काम पहिलं राहतंय, अध्यक्षांची मर्जी राहतेय, वर मेलेल्या माणसाचा मानही राहतोय. लोकांना हे फुकटात पडल्यासारखं वाटलं.

एका दुपारी सोपानराव भीमनगरात आले. त्या घराण्यातलं कुणी मतं मागण्यापलीकडे कधी ओढा ओलांडून आलं नव्हतं. मतं मागायला आले तरी उभ्या उभ्या यायचे, पारापासूनच परतायचे. सोपानराव थेट जाईबाईच्या दारात आले, चपला काढल्या आणि आत येऊन बाजेवर बसले. दाराशी ही गर्दी जमली. ललितानं पाण्यानं भरलेला तांब्या आणि पेला त्यांच्यापुढे ठेवला. सोपानराव इकडचं तिकडचं बोलत राहिले. मग चहा आला. त्यांनी तो बशीत ओतला, फुंकर घातली आणि भुरके मारत शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.

शेजारची म्हातारी सोजरबाई डोळे पुसत म्हणाली, "आमच्या डोळ्यांदेखत चहा पिला गं बाई. आता मेले तरी चालंल."

जाईबाईचाही ऊर भरून आला. तिच्या बापाला याच घराण्याच्या दारात वरून ओंजळीत पाणी प्यावं लागलं होतं, ते तिनं लहानपणी पाहिलं होतं.

सोपानरावांनी बशी खाली ठेवली. "जाईबाई, तुमचा नळ मी माझ्या हातानं दोन नंबरला लिवतो. तुमी कमान दोन नंबरला लिवा. फिटंफाट झाली."

"व्हय, आबा," जाईबाई म्हणाली.

सभेच्या दिवशी पालिकेच्या पायऱ्यांवर आनंदराव गुरुजींनी तिला गाठलं. गुरुजी शाळेतून निवृत्त झालेले, सोपानरावांच्याच भावकीतले, पण त्यांच्या पंगतीला न बसणारे.

"जाईबाई, कमानीला नऊ लिही. मीही नऊच लिहिणार आहे. तुझ्या नळाला दोन देतोय."

"गुरुजी, माणूस घरी येऊन चहा पिऊन गेला. मी शब्द दिलाय."

"तो चहा किती महागात पडेल बघ," गुरुजी म्हणाले आणि आत गेले.

कागद वाटले गेले. जाईबाई पाचवीपर्यंत शिकलेली. तिनं नळापुढे एक लिहिला, चांगला ठसठशीत. मग कमानीपाशी तिचं पेन थांबलं. गुरुजी समोरच बसले होते. पण तिला ती बशी आठवली, दाराशी जमलेली माणसं आठवली, सोजरबाईचे डोळे आठवले. माणसानं एवढा मान दिल्यावर आपण पाठीत सुरा खुपसायचा, हे तिला जमेना. तिनं दोन लिहिला. बाकीचे आकडे कसे भरले ते तिला नंतर आठवलंही नाही.

देवस्थळींनी खडूनं फळ्यावर बेरजा मांडल्या. कमान चोवीस. नळ पंचवीस. बाकीची कामं कुठल्या कुठं मागं राहिली होती. टाळ्या पडल्या. एका आकड्यानं कमान पहिली आली होती.

आबांचे आणि गुरुजींचे दोन-दोन धरूनही नळ मागं कसा राहिला, हे जाईबाईला कळेना. ती उभी राहिली. "साहेब, कुणी काय लिवलं ते वाचून दावा."

"वाचा की," सोपानराव पानाला चुना लावत म्हणाले. "उघड्या सभेतलं हाय, लपवायचं काय त्यात?"

देवस्थळींनी वाचलं. सहा मेंबरांनी आपल्या वॉर्डाला एक, कमानीला दोन आणि नळाला तीन दिले होते. भीमनगरच्या विहिरीत काय झिरपतं हे त्या सहाही जणांना ठाऊक होतं, म्हणूनच तीन. त्यांची दया बरोबर तिसऱ्या जागेवर येऊन बसली होती. गुरुजींनी बोलल्याप्रमाणे नळाला दोन आणि कमानीला नऊ दिले होते. सोपानरावांनी कमानीला एक, तालमीला दोन, बाजाराच्या भिंतीला तीन आणि नळाला चार. आणि जाईबाईनं नळाला एक, कमानीला दोन.

"आबा, तुमी नळाला दोन म्हणला व्हता."

"दोन काय आन् चार काय, लई लांब हाय का?" सोपानराव हसले. "पुढच्या साली आणखी अनुदान येतंय. आन् जाईबाई, कमानीला दोन तर तुमीच दिला. आमी काय हात धरला व्हता?"

बाकीचे मेंबर हसले. आबा बोलला ते खोटं नव्हतं, आणि तेच जाईबाईच्या जिव्हारी लागलं. त्या बिनलाज्यानं शब्द फिरवला हे खरंच, पण तिनं दोनाच्या जागी नऊ लिहिला असता तर कमान कधीच खाली गेली असती. नळ चालून आला होता आणि तिनं आपल्या हातानं त्याला ओढ्याच्या अलीकडेच अडवला होता.

"साहेब, माझा कागद द्या. मला बदलायचाय."

"सही झालीय, बाई. आता बदलता येणार नाही," देवस्थळी म्हणाले. "पद्धत म्हणजे पद्धत." त्यांचा चेहरा पडला होता. हातातला खडू कुठं ठेवावा हे न कळून त्यांनी तो खिशात घातला. गुरुजींनी जाईबाईकडे पाहिलं नाही.

ती घरी निघाली. ओढ्यातून वर चढताना माथ्यावरच्या ढिगाचा वास नाकात भरला. या वासाची तिला जन्माची सवय होती, पण त्या दिवशी तिनं नाकाला पदर लावला. ती तशीच एका दगडावर टेकली आणि तिथं तिला तो तांब्या आठवला. सोपानराव निघून गेल्यावर ललितानं तो उचलला तेव्हा तो काठोकाठ भरलेला होता. पाण्याला त्यानं बोट लावलं नव्हतं. चहा मात्र प्यायला होता, उकळलेला. विटाळ पाळायचा असता तर चहालाही हात लावला नसता. म्हणजे पाण्यात काय आहे ते या माणसाला पुरतं ठाऊक होतं. ते ठाऊक असताना त्यानं नळाला चार लिहिला होता. आणि त्यानं भुरके मारून प्यायलेल्या चहानं आपण पाघळलो होतो. जाईबाईला त्याची किळस आली, त्या हसणाऱ्या मेंबरांची आली, आणि सगळ्यांत जास्त आपल्या उजव्या हाताची आली.

पुढच्या रविवारी सकाळी सातच्या मुहूर्तावर कमानीचं भूमिपूजन होतं. म्हाळू घरीच होता. जाईबाई विहिरीवरून तांब्या भरून आली आणि त्यावर पेला पालथा घालून निघाली, तसा तो म्हणाला, "कशाला जाती तिथं? झालं ते झालं."

"मेंबर हाय मी. बोलावणं हाय," ती म्हणाली.

पाटसच्या रस्त्यावर मांडव होता, बँड होता, नारळांची रास होती. नारळ फुटले, पेढे वाटले. सोपानरावांनी दोन पेढे खाल्ले. सगळे मेंबर व्यासपीठावर होते. जाईबाई उठली, तांब्या त्यांच्यापुढे टेबलावर ठेवला आणि पेला भरला. बँडवाले आपसूक थांबले.

"आबा, त्या दिशी तुमी घरी आला. चहा घेतला, पाणी तसंच ऱ्हायलं. पाव्हण्याचं पाणी ऱ्हावू ने. भीमनगरच्या हिरीचं हाय."

सोपानराव हसले. समोर सारा गाव बसला होता. त्यांनी पेला उचलला, ओठांपर्यंत नेला. तिथं तो क्षणभर थांबला. मग त्यांनी तो खाली ठेवला.

"आज निर्जळी उपास हाय माझा," ते म्हणाले.

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. पेढ्याचा कण अजून त्यांच्या मिशीत होता.

जाईबाईनं आवाज चढवला नाही. "माझ्या सुनेला सातवा लागलाय. ती हेच पिती," ती म्हणाली आणि लोकांकडे वळली. "हितं कमान हुतीय त्याला दोन नंबर मीबी दिलाय. एका चहापायी दिला. समद्यांना ठावं असू द्या."

देवस्थळी खाली बघत होते. तिनं तो पेला उचलला, उभ्या उभ्या रिकामा केला, तांब्या घेतला आणि व्यासपीठावरून उतरली. ती मांडवाबाहेर पडेपर्यंत बँड पुन्हा सुरू झाला होता.

ललिता दारात वाट बघत बसली होती. सासूला येताना बघून एक हात कमरेवर टेकत ती उठली. तिनं तांब्या हातात घेतला, हलवून पाहिला.

"कमी झालंय, आत्याबाई. त्यांनी पिलं?"

"न्हाई."

"मग कुणी?"

"मीच," जाईबाई म्हणाली.

ललितानं तांब्यातलं उरलेलं पाणी माठात ओतलं, कारण विहीर लांब होती आणि तिच्यानं आता फार वाकवत नव्हतं. नऊ वाजले होते. वर माथ्यावर गाडी रिकामी होत होती.