हनुवटीची उंची

टिल्ली स्टुलावर चढून छतात ड्रिल घुसवत होती आणि आत्या खाली स्टुलाचे पाय धरून वरून पडणारा सिमेंटचा भुगा डोक्यावर घेत होती. डोळे मिटलेले होते. तोंड चालू होतं.

"दाब. अजून दाब. छताला गुदगुल्या करायच्या नाहीयेत आपल्याला."

"आत्या, हात भरून आलेत गं."

"येऊ देत. आणि खाली बघू नकोस, पडशील माझ्या डोक्यावर."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिने एकदा छताकडे पाहिलं, एकदा फरशीवरच्या भुग्याकडे.

"वरच्या मजल्यावरच्यांचा पाय खाली आला ना, फौजदार, तर त्यांना चहा तू करून द्यायचास."

फौजदार हे आत्याचं घरातलं नाव. इमारतीच्या तळाशी तिचं सोफे दुरुस्तीचं दुकान होतं, आणि गिऱ्हाईक दोन शब्द जास्त बोललं तर सोफ्यासकट बाहेर जायचं. ती भावाच्या घरात राहायची, भावाच्या जिवावर नाही, आणि हे ती कुणी विचारलं नाही तरी सांगायची. टिल्ली म्हणजे भावाची आणि वहिनीची मुलगी. लहानपणी मुठीएवढी होती म्हणून टिल्ली. आता दारातून आत येताना मान वाकवायची, पण एकदा चिकटलेलं नाव कोण सोडवत बसतो?

बॉक्सिंग संघाच्या मागच्या निवडीत टिल्ली हरली होती. मार खाऊन हरली असती तर आत्याला एवढं लागलं नसतं. तिने समोरचीपेक्षा जास्त ठोसे मारले होते आणि तरीही हरली होती. क्लबचे सर म्हणाले होते, "तुझे ठोसे छातीवर पडतात. हनुवटीवर एकही जात नाही. छातीवरचे पंचांच्या डोळ्यांत भरत नाहीत. महिन्याच्या शेवटी परत निवड आहे. तोवर सुधारलीस तर संघात, नाहीतर पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी बघू, या वाक्याचा अर्थ आत्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिच्या तरुणपणी त्याच क्लबात पोरींना रिंगमध्ये घेत नसत. पॅड धरायला मात्र घेत. तिने हातात पॅड चढवून वर्षानुवर्षं पोरांचे ठोसे झेलले आणि दर वर्षी ऐकलं, पुढच्या वर्षी बघू. त्या पोरांचे फोटो अजून क्लबच्या भिंतीवर होते. झेलणारीचा फोटो कोण लावतो? आता घरी ती रोज टिल्लीसमोर पॅड धरायची.

"सरांना काय कळतंय," तिने टिल्लीला सांगून टाकलं. "तुझा नेम चुकत नाही, नजर चुकते. हलणाऱ्या गोष्टीवर मारायची सवय नाही तुला. मी बघते."

आधी तिने बाजारातून कपाळाला बांधायचा पट्टा आणला होता, त्याला इलॅस्टिकने लोंबणारा छोटा चेंडू. मारला की लांब जायचा आणि तोंडावर परत यायचा. टिल्लीच्या आधी दादानेच, म्हणजे टिल्लीच्या बाबांनी, तो ऑफिसच्या कपड्यांवर बांधून पाहिला. पहिला ठोसा हुकला, दुसरा स्वतःच्या चष्म्यावर बसला.

"मी हिशेबनीस आहे," चष्म्याची काडी सरळ करत तो म्हणाला. "मला मारामारी शोभत नाही."

"स्वतःशी भांडून हरणारा पहिलाच माणूस बघितला," वहिनी म्हणाली.

म्हणून हा दुसरा बेत. हा चेंडू आत्याने स्वतः शिवला होता. आत फुटबॉलचं ब्लॅडर, बाहेर जाड रेक्झिनचे तुकडे, दाभणाने मेणदोरा ओढून घट्ट घातलेले टाके. वर एक कडी, खाली एक कडी. वरून छताला आणि खालून जमिनीला सोफ्याच्या बैठकीत घालतात त्या इलॅस्टिकने बांधायचा. ठोसा बसला की मागे जाणार, पुढे येणार, आणि डोकं बाजूला काढलं नाही तर नाकावर बसणार. फरशीला भोक पाडू देणार नाही, असं वहिनीने निक्षून सांगितलं होतं, तेव्हा आत्याने उरलेल्या रेक्झिनची पिशवी शिवून त्यात वाळू भरली आणि खालचं टोक तिला बांधलं. पिशवी उचलून आणताना दादाच्या तोंडून जे शब्द निघाले ते हिशेबनिसाला मुळीच शोभत नव्हते.

चेंडू टिल्लीच्या हनुवटीच्या रेषेत बांधला गेला. पहिल्या संध्याकाळी त्याने टिल्लीचं नाक, कान आणि एकदा डोळा गाठला. टिल्ली हसत सुटली. आत्या मात्र हसत नव्हती.

"मारून झालं की तिथेच काय उभी राहतेस, पाहुणी आल्यासारखी? मारलं की सरक. सरकलं की परत मार."

हळूहळू खोलीला त्या आवाजाची सवय झाली. चेंडू बसला की थप, इलॅस्टिक ताणलं की सूंऽऽ, परत थप. वहिनी आतून भाजी चिरताना त्याच तालावर सुरी चालवायला लागली आणि तिचं तिला ते कळलंही नाही. दादा संध्याकाळी कोपऱ्यात खुर्ची घेऊन बसायचा आणि चेंडू टिल्लीला चुकवून गेला की तोच मान बाजूला काढायचा. घरात इतकं बरं कधी वाटलं होतं ते आत्याला आठवेना. तिने ते कुणाला सांगितलं नाही. असल्या गोष्टी बोलून दाखवल्या की लोक डोक्यावर बसतात, असं तिचं मत होतं.

फक्त एक खोट राहिली. टिल्लीचा वेग आला, पाय हलायला लागले, डोकं वेळेवर सरकायला लागलं, पण मूठ चेंडूच्या पोटाखाली बसायची. मध्यावर बसली तर चेंडू सरळ मागे जातो. हिचा चेंडू दर वेळी वर उडायचा.

"चेंडूच वर लागलाय," आत्याने निकाल दिला. तिने वरचं इलॅस्टिक ढिलं केलं, खालचं आवळलं. चेंडू थोडा खाली आला. तरी मूठ खाली. अजून थोडा उतरवला.

आणि मग जमलं. थप, थप, थप. एकही हुकेना. चेंडू सरळ मागे, सरळ पुढे, जणू टिल्लीच्या मुठीला दोरीने बांधलाय.

"दादा! इकडे ये. उभा राहा असा चेंडूमागे. बघ तुझ्या पोरीचा नेम. आणि म्हणे छातीवर पडतात!"

दादा येऊन उभा राहिला. उंचीने तो टिल्लीएवढाच होता. त्याने मान खाली घालून चेंडूकडे पाहिलं. मग शर्टाच्या खिशाकडे पाहिलं.

"अगं, पण हा तर माझ्या पेनाला लागतोय," तो म्हणाला.

टिल्लीने आत्याकडे पाहिलं. आत्याने चेंडूकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "आज पुरे," आणि टिल्लीच्या हातमोज्यांच्या नाड्या सोडायला लागली. नाडीची गाठ तिने दोनदा उलटी ओढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टिल्ली कॉलेजात आणि दादा ऑफिसात गेल्यावर आत्याने दुकान उघडलं नाही. ती बाहेरच्या खोलीत आली, खुंटीवरचे पॅड काढले, हातांत चढवले आणि रोज टिल्लीसमोर उभी राहायची तशी चेंडूशेजारी उभी राहिली. हात वर केले.

दोन्ही पॅड चेंडूच्या अगदी रेषेत आले. उतरवलेल्या चेंडूच्या.

तिने उजवा हात आणखी वर नेऊन पाहिला. खांद्यात कुणीतरी दाभण घातल्यासारखं झालं आणि हात तिथेच थांबला. हे तिला नवीन नव्हतं. खांदा बऱ्याच वर्षांपासून असा होता. सोफ्याच्या पाठी ठोकताना ती स्टुलावर चढून ठोकायची, म्हणजे हात वर न्यावा लागायचा नाही. नवीन होतं ते एवढंच की आपले हात हनुवटीपाशी आहेत असं तिला आजवर खरंच वाटत होतं. उजवा थोडा थोडा खाली आला असेल. डावा तिने स्वतः आणला असेल, कारण दोन्ही पॅड एका रेषेत हवेत, ही तिचीच शिकवण. आणि समोरची पोर गुणी. हात जिथे दिसले तिथे तिने मारलं. रोज, मन लावून, छातीवर.

सरांना चार शिव्या घालून पाहिल्या. चव लागली नाही.

पॅड तसेच हातांत ठेवून ती स्वयंपाकघरात गेली. वहिनी स्टुलावर चढली होती. उंचीने ती घरात सगळ्यांत कमी. टाचा उचलून, जीभ दातांत धरून ती सगळ्यांत वरच्या फळीवरचा डबा बोटांनी पुढे ओढत होती. शिवणाच्या सामानाचा, तिचा स्वतःचा. त्याच्याशेजारी तिची औषधं होती, तिचा चष्मा होता, ती रोज वापरायची ती किसणी होती.

आत्या बघत राहिली. मग तिची नजर खालच्या फळीवर आली. तिथे आत्याचा कप. आत्याची बिनसाखरेची कॉफी. आत्याचा मलम. आत्याची बिस्किटं, जी दुसऱ्या कुणाला आवडत नाहीत. सगळं कमरेच्या उंचीवर, हात पुढे केला की मिळेल असं.

"हे कधीपासून?" तिने विचारलं.

"काय कधीपासून?"

"माझं सगळं खाली आणि तुझं वर."

वहिनी डबा काखेत घेऊन खाली उतरली. तिने आत्याच्या हातांतले पॅड पाहिले, मग तोंड पाहिलं.

"बरेच दिवस झाले," ती म्हणाली. "तू एकदा कप काढताना फोडलास आणि माझ्यावरच ओरडलीस, की कप कुणी एवढा वर ठेवला. कप होता तिथेच होता गं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुला? खांदा दुखतो का म्हणून विचारायचं? मला काय जीव नकोसा झालाय?"

आत्या वळली, बाहेरच्या खोलीत गेली आणि तिने पॅड परत खुंटीला अडकवले.

संध्याकाळी टिल्ली आली तेव्हा चेंडू पुन्हा वर, तिच्या हनुवटीपाशी होता. आत्या त्याच्याशेजारी कमरेवर हात ठेवून उभी होती.

"बस. नको, उभीच राहा. सर बरोबर बोलले. तुझे ठोसे खाली जातात, कारण मी पॅड खाली धरते. माझा हात वर जात नाही. तुझी चूक नाही. हे मी एकदाच सांगणार आहे."

टिल्ली पिशवी खांद्यावर तशीच ठेवून उभी राहिली. "मग आता?"

"आता चेंडू. वरचा. रोज."

"चेंडू नुसता हलतो, आत्या. तो पॅडसारखा दाबून परत देत नाही. क्लबात माझ्यासाठी पॅड धरायला कुणी नसतं, तुला माहितीये. निवड तोंडावर आलीये."

आत्याला माहीत होतं. दिवसभर ती तेच तर चघळत होती. काय सांगावं म्हणून ती छताकडे पाहायला लागली, आणि तेवढ्यात आतून हात पुसत वहिनी आली.

"आण ते," ती म्हणाली, आणि खुंटीवरचे पॅड स्वतःच काढून हातांत घातले. उलटे.

"वहिनी, हे खेळणं नाही."

"मग सुलटे करून दे."

आत्याने ते काढले, सुलटे घातले, मनगटावर पट्टे आवळले. "दोन्ही हात हिच्या हनुवटीपाशी. ठोसा आला की मागे पळायचं नाही, पॅड थोडासा पुढे द्यायचा. डोळे मिटायचे नाहीत."

वहिनीने हात वर केले. बुटक्या बाईला तिथपर्यंत पोचायला ते जवळजवळ डोक्याच्या वर न्यावे लागले. टिल्ली हातमोजे घालून समोर आली आणि घुटमळली.

"आई, लागेल तुला."

"तोंडाने रोज मारतेस ते लागत नाही वाटतं? मार."

पहिला ठोसा सवयीने खाली आला आणि वहिनीच्या मनगटावर बसला. ती "आई गं" म्हणून ओरडली, पण हात खाली घेतले नाहीत. दारात नुकताच पोचलेला दादा बूट न काढता तिथेच उभा राहिला.

"वर," आत्या म्हणाली.

दुसरा वर गेला. पॅडच्या मधोमध बसला. असा आवाज या खोलीत आजवर झाला नव्हता. वहिनीचे डोळे मोठे झाले, मग ती एखाद्या शाळकरी पोरीसारखी खिदळली.

"अगं, मजा येते यात! तू एवढी वर्षं एकटीच घेत होतीस होय?"

"बोलू नकोस. हात बघ."

टिल्ली मारत राहिली. वर, वर, एकदा खाली, परत वर. जरा वेळाने वहिनीचे दंड थरथरायला लागले आणि पॅड बोटा-बोटाने उतरायला लागले. आत्याच्या ते आधी लक्षात आलं. ती वळसा घालून वहिनीच्या मागे गेली, पाय रोवले आणि वहिनीची दोन्ही कोपरं आपल्या तळव्यांवर घेऊन खालून उचलून धरली. तेवढं तिच्या खांद्याला झेपत होतं.

"मार," दोघी एकदम म्हणाल्या.