कपाळी गरौठा, पायाशी समथर

मी एक सेल बोलतोय. दिवाळीत दुकानांवर लागतो तो सेल नव्हे, आणि टॉर्चमध्ये घालतात तोही नव्हे. संगणकावर उभ्याआडव्या रेघांचा तक्ता उघडतो ना, त्यातला मी एक चौकोन. माझा पत्ता बी-वन. म्हणजे दुसरा रकाना, पहिली ओळ. डावीकडे ए-वन राहतो. तो कायम रिकामाच असतो. पण त्याने माझी अब्रू कशी राखली, ते ऐकण्यासारखं आहे.

माझा जन्म झाशीत झाला, २०१२ च्या डिसेंबरात, एका धर्मार्थ डोळ्यांच्या दवाखान्यातल्या छोट्या खोलीत. हा दवाखाना थंडीच्या दिवसांत गावोगावी तपासणी करायचा आणि मोतीबिंदू पिकलेल्या माणसांना बसने झाशीला आणून ऑपरेशन करायचा. त्यांच्या याद्या करायची कांचन खेर. चोवीस वर्षांची, ओरछा गेटजवळच्या गल्लीत राहणारी. तिच्या खापरपणजोबांच्याही आधीपासून खेर झाशीचे. त्यामुळे तिची मराठी घरात आईपुरती, बाकी सगळी हिंदी. मराठी बोलताना मधेच अडली की ती हसून हिंदीचा हात धरायची.

एका फाइलीत पुष्कळ पानं असतात. पानाला शीट म्हणतात, आणि प्रत्येक शीटचं नाव पडद्याच्या तळाशी एका चिमुकल्या पट्टीवर असतं. कांचनने प्रत्येक गावाला एक शीट दिली होती. सगळ्यात आधी गरौठ्याची यादी झाली. मग तिने त्याच शीटची नक्कल काढली, आतली नावं पुसली, खालच्या पट्टीवर 'समथर' लिहिलं आणि समथरचे अठरा रुग्ण भरले. त्या नकलेतच मी जन्मलो. पण माझ्यात, म्हणजे यादीच्या मथळ्यात, आधीचं 'गरौठा' तसंच राहिलं होतं. ते बदलायला ती हात पुढे करणार, तोच तिचा फोन वाजला. ग्वाल्हेरला मामेबहिणीचा साखरपुडा होता आणि गाडीची वेळ झाली होती. ती गेली.

मी असा, कपाळावर गरौठा आणि पायाशी समथर घेऊन, जगात आलो.

माणसांची एक सवय मी तेव्हाच ओळखली. ती पडद्यावर काम करतात, पण विश्वास ठेवतात कागदावर. आणि खालची पट्टी कागदावर छापलीच जात नाही! दोन दिवसांनी मधुसूदनकाकांनी याद्या छापून घेतल्या. काका मूळचे भुसावळचे; झाशीच्या रेल्वे कारखान्यात सारी नोकरी झाली आणि निवृत्त झाल्यावर दवाखान्याच्या बस सांभाळायला येऊ लागले. त्यांच्या हाती दोन कागद आले, दोन्हींवर 'गरौठा'. त्यांना वाटलं, यंदा गरौठ्याला माणसं जास्त आहेत, समथरचं बहुतेक पुढच्या खेपेला ठरलंय. ते एकच बस घेऊन गरौठ्याला गेले. दुसऱ्या कागदावरची अठरा नावं त्यांनी चौकात उभं राहून पुकारली. कोणीही ओ दिली नाही. घाबरून आले नसतील, असं समजून ते परत फिरले.

आणि तिकडे समथरला, अगदी वेगळ्या रस्त्यावर, अठरा माणसं सकाळपासून बसची वाट पाहत होती. मी पडद्याबाहेर कधी गेलेलो नाही. हे मला खोलीतल्या बोलण्यातून कळलं.

कळलं ते असं. तिसऱ्या दिवशी कांचन कामावर परतली, तेव्हा दारात एक वृद्ध गृहस्थ उभे होते. अंगात घट्ट शिवणीची स्वच्छ बंडी, हातात काठी. दाराची चौकट त्यांनी हाताने चाचपली आणि मग आत पाऊल टाकलं.

"काए बिन्नू," म्हणजे 'का गं पोरी', असं त्यांनी बुंदेलीत विचारलं, "हमाओ नांव लिस्ट में नईंयां का?"

"आपका नाम, बाबूजी?"

"रामकृष्ण. दर्जी हैं, समथर के." आपलं नाव यादीत नाही का, एवढंच विचारायला हे समथरचे शिंपी एकटे बस बदलत आले होते. तक्रार नव्हती. सकाळी आठपासून दुपारी दोनपर्यंत अठराजण उभे होते, एवढं मात्र त्यांनी सांगितलं.

कांचनने मला उघडलं. तिची नजर आधी खाली पट्टीवर गेली, मग वर माझ्यावर आली. मला लपायला जागा असती तर मी लपलो असतो. मग उठून तिने रामकृष्णजींना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाली, "बाबूजी, आपका नाम है. गलती हमारी है. गाँव का नाम हमने गलत छापा."

मग तिने काकांना बोलावलं. "काका, ते गलत छापलं गेलं. मीच केलं. समथरच्या डोक्यावर गरौठा राहिलं."

काका म्हणाले, "अगं, मी अठरा नावं पुकारली! तेव्हाच मी तुला फोन करायला नको होता का?" मग म्हणाले, "डॉक्टर पुढच्या आठवड्यात दोन दिवस येणार आहेत. त्यानंतर या हिवाळ्यात नाहीत. गरौठा झालं, चार गावं उरलीत. समथर पाचवं घालू?"

"घालायचंच, काका."

"आणि पुन्हा असं झालं तर?"

रामकृष्णजींना बसमध्ये बसवून आल्यावर कांचन माझ्यासमोर ठाण मांडून बसली. तिच्या मनात काय चाललंय, ते ती पुटपुटत होती म्हणून मला कळलं. "दो जगह नाम लिखूंगी तो एक जगह भूलूंगी ही. नाव एकदाच लिहायचं. खाली. आणि वर ते आपोआप आलं पाहिजे."

आपोआप! माझ्या चारही रेघा ताठ झाल्या. माझ्यात आजवर जे काही होतं ते कोणी तरी टाइप केलेलं होतं. मी स्वतःहून माझं नाव सांगायचं?

तिने शोधाशोध सुरू केली. पाच-सहा दिवस कुठून कुठून वाचलं, वहीत उतरवलं. आम्हां सेलांच्या भाषेत एक सूत्र असतं, त्याचं नावही 'सेल'च. त्याला 'फाइलनेम' असं विचारलं की ते फाइलीचा सगळा ठावठिकाणा सांगतं आणि शेवटी शीटचं नावही. तिने एक कोरी फाइल उघडून ते करून पाहिलं. उत्तर काहीच नाही. नुसतं कोरं. तिने कपाळावर हात मारला. मग लक्षात आलं, कोऱ्या फाइलीला अजून नावच दिलेलं नाही! जिचं बारसं झालं नाही ती पत्ता काय सांगणार? फाइल सेव्ह केली आणि मग ते सूत्र बोललं.

आता ती माझ्याकडे आली. माझ्यातलं 'गरौठा' तिने पुसलं. त्या क्षणी मला केवढं हलकं वाटलं! मग बरोबरचं चिन्ह, मग सूत्र, मग एंटर. आणि माझ्यातून लांबलचक गाडी सुटली: ड्राइव्हचं अक्षर, फोल्डर, फोल्डरच्या पोटातलं फोल्डर, चौकोनी कंसात फाइलीचं नाव, कंस मिटला आणि त्याच्या मागे, अगदी शेवटच्या डब्यात, 'समथर'.

"आलं!" कांचन खुर्चीतून उठलीच. "काका, आलं! पण पूंछ में आलं!"

"मग शेपूटच ठेव. बाकीचं तोड," काका दारातून म्हणाले.

तिने तसंच केलं. मिटणारा कंस कुठे आहे ते 'फाइंड' या सूत्राने शोधलं, त्यात एक मिळवला, आणि तिथून पुढचं सगळं 'मिड' या सूत्राने उचललं. एंटर.

समथर.

अहाहा! नुसतं समथर! जन्मल्यापासून दुसऱ्या गावाचं नाव मिरवत होतो, आणि आज मी माझ्या तोंडाने माझं नाव घेतलं. कांचन टाळ्या वाजवत होती. मला हात असते तर मीही वाजवल्या असत्या.

पण आनंदात माणूस घाई करतो. तिने सहाही शीट एकत्र निवडल्या. पडद्यावर समोर होती मोठ या गावाची शीट. तिथे तिने सूत्र पुन्हा टाइप केलं, म्हणजे ते सगळ्या शीटांत एकदम उतरलं. लगेच छापायचा हुकूम. कागद बाहेर आले. काकांनी चष्मा लावला आणि एकेक कागद मोठ्याने वाचला.

"मोठ. मोठ. मोठ. अगं, हेही मोठ. कांचन, सगळा जिल्हा मोठमध्ये राहायला गेला का?"

तिचा चेहरा उतरला. माझीही तीच गत. मी समथरच्या शीटमध्ये बसून 'मोठ, मोठ' म्हणत होतो. माझी पाचही भावंडं तेच म्हणत होती. गरौठ्याच्या जागी मोठ, एवढाच काय तो फरक! आणि बस दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला निघायची होती.

"हाताने लिही," काका हळूच म्हणाले. "सहा नावं आहेत. मी तपासतो."

"आज तपासाल. पुढच्या वर्षी? मला पाच मिनिटं द्या."

ती एकेका शीटवर गेली आणि एफ-नाईनची कळ दाबत राहिली. त्या कळीने सगळी सूत्रं नव्याने हिशोब करतात. माझ्या शीटवर दाबली, की मी समथर. पण गरौठ्यावर जाऊन दाबली, की मी गरौठा! ती दहा वेळा गेली, दहा वेळा आली. मग थांबली आणि स्वतःशीच म्हणाली, "जिसको आखिर में छुआ, सब उसी का नाम ले रहे हैं. मी याला सांगितलंच नाही ना, कोणत्या शीटचं नाव पाहिजे ते!"

खरं होतं ते. तिने मला 'फाइलनेम' विचारलं होतं, पण कुठे उभं राहून सांगू, ते सांगितलंच नव्हतं. मी बिचारा, बाई जिथे बोट ठेवेल तिथलं नाव सांगत होतो. कांचनने सूत्रात स्वल्पविराम दिला आणि पुढे दोन अक्षरं घातली: ए-वन. माझा रिकामा शेजारी! जणू ती म्हणाली, 'ए-वनचा हात धर, आणि तो ज्या शीटमध्ये आहे तिचंच नाव सांग.' सूत्रात दोन ठिकाणी तो पत्ता लागत होता; तिने दोन्हीकडे घातला. मी शेजाऱ्याचा हात असा काही धरला की आजतागायत सोडलेला नाही.

पुन्हा छापलं. काका वाचू लागले. "गरौठा. मोठ. समथर..." सहा कागद, सहा गावं. पण काकांचं समाधान होईना.

"असं? मग हे समथर खोडून तिथे भुसावळ लिही बघू."

कांचनने खालच्या पट्टीवर 'भुसावळ' लिहिलं, कळ दाबली, आणि मी म्हणालो, भुसावळ!

"अरे वा!" काका लहान मुलासारखे ओरडले. "चाळीस वर्षांनी घरी पोचलो की गं!" आणि दुसऱ्याच क्षणी घाबरून, "परत समथर कर, बाई! नाहीतर उद्या गाडी खानदेशात जायची!"

दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

दुसऱ्या दिवशी कांचन सातलाच हजर. फोन समोर ठेवून बसली होती. साडेआठला तो वाजला. काकांचा आवाज मलाही ऐकू आला, इतके ते जोरात बोलत होते. "अठराच्या अठरा! कांचन, नाव पुकारलं की हात वर होतोय! पुकारलं की हात वर!"

कांचनने फोन ठेवला आणि पडद्यावर माझ्या अंगावरून बोट फिरवलं. तेवढ्यानेच मी भरून पावलो.

ऑपरेशनं झाली. पट्टी निघाल्यावर रामकृष्णजी काळा चष्मा लावून खोलीत आले. चौकट चाचपली नाही, सरळ आत आले. आशीर्वाद देतील म्हणून कांचन वाकली, तर ते तिच्या खांद्याकडे निरखून बघत म्हणाले, "काए बिन्नू, जा सिलाई कौन ने करी? टेढ़ी है."

खांद्यावरची शिवण खरंच वाकडी होती. तिने ती कधी पाहिलीच नव्हती. काकांनी तर सगळ्या दवाखान्याला हाका मारून ती दाखवली.

त्याला आता बारा वर्षं झाली. मी तीन संगणक बदलले. सहा शीटांच्या एकतीस झाल्या. कांचन आता त्या खोलीची मुख्य आहे, आणि नव्याने आलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी माझ्यासमोर बसवून सांगते, "ए-वन विसरायचं नाही. नाहीतर सगळा जिल्हा मोठला जातो."

आणि परवाची गोष्ट. समथरला आता दर महिन्याला डोळे तपासतात, ज्याचा मोतीबिंदू पिकला त्याला लगेच झाशीला आणतात. हिवाळ्यापर्यंत कोणी ताटकळत नाही. त्यामुळे यंदा समथरची शीट उघडली तर यादीत एकही नाव नव्हतं. इंदुमती नावाची नवी मुलगी म्हणाली, "मॅडम, ये खाली है. डिलीट कर दूँ?"

कांचनने माझ्याखालच्या कोऱ्या ओळींकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर जे हसू उमटलं, ते मी बारा वर्षांत पाहिलं नव्हतं. "राहू दे," ती म्हणाली. "खाली है, वही तो देखना है."

वाचकहो, तुम्हीही याद्या करता, नकला काढता. एक विनंती करतो: डोक्यावर काय लिहिलंय ते एकदा बघा, त्या नावाखाली माणसं उभी असतात. माझं म्हणाल तर मी मजेत आहे. माझ्या नावाखाली आज कोणीही उभं नाही, आणि एवढा श्रीमंत मी कधीच नव्हतो.