नाजूक छातीचा बाहुला

२००३ साली आमच्या कोल्हापूरच्या कॉलेजात कॅज्युअल्टीच्या शिक्षणासाठी परदेशातून एक रबरी बाहुला आला. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती कशी दाबायची, हे आम्ही त्याच्यावर शिकावं असा बेत होता. विभागप्रमुख शशिधर सरांनी तो बेत पहिल्याच वर्षी मोडीत काढला. खंडेनवमीला बाहुल्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली आणि कपाटात बंद केलं. इतका जपलेला पेशंट आमच्या हॉस्पिटलात दुसरा नव्हता.

प्रॅक्टिकलला तो बाहेर निघे, पण सरांचा दम ठरलेला असे, "हात लावायचा नाही. आतली स्प्रिंग नाजूक आहे." मग आम्ही बाहुल्याच्या छातीच्या चार बोटं वर नुसती हवा दाबायचो. आमच्या वर्गातला मल्लेश हवा फार सुरेख दाबायचा. कोपरं ताठ, मोजणी खणखणीत. सर त्याचं सगळ्यांपुढे कौतुक करत आणि माझं डोकं फिरे.

इंटर्नशिपला लागलो त्याच आठवड्यात मुरगूडचे जोतीराम छातीत कळ आली म्हणून आले. सोबत बायको, धोंडुबाई. नाव सांगता सांगताच जोतीरामांनी डोळे फिरवले. नाडी लागेना. मल्लेश झेपावला, कोपरं ताठ केली आणि मोजू लागला. हात मात्र चार बोटं वरच! आणि आम्ही शहाणे बघत उभे.

धोंडुबाई कडाडल्या, "आवं डॉक्टर, वारा काय घालताय? हात लावा की!"

आमच्यातली पवित्रा तेवढी भानावर आली. तिनं मल्लेशला बाजूला ढकललं आणि अंगातलं सगळं बळ लावून छाती दाबायला लागली. खऱ्या छातीला तिचाही हात पहिल्यांदाच लागत होता. कडकन आवाज झाला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण हात थांबले नाहीत. मला तिचा हेवा वाटला, अभिमानही वाटला.

सर धावत आले. "अगं हळू! मोडेल ना!"

सिस्टरनी मशीन आणलं. शॉक दिला, पवित्रानं पुन्हा दाबलं, आणि जोतीराम कण्हले. नाडी लागली.

सरांनी छाती चाचपली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "दोन बरगड्या मोडल्यास. कुणी शिकवलं तुला असं?"

धोंडुबाई मध्ये पडल्या.

"मोडंनात की वो! मोडक्या बरगड्याचा नवरा न्हेते मी घरला. धडक्या बरगड्याचं मडं न्हिऊन काय करू?"