मास्तरांचा डावा पाय

माझी सून ड्रायव्हिंगच्या परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झाली, तेव्हा माझ्या धाकट्या भावाने माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच हातचा चहा पीत जाहीर केलं, की काही माणसांच्या पायात अक्कल नसते.

"तुझ्या डोक्यात असती तरी चाललं असतं," मी म्हणाले. थोरल्या बहिणीला एवढा हक्क असतोच.

भावाची ड्रायव्हिंग स्कूल आहे. स्कूल म्हणजे एक पांढरी गाडी, छपरावर पाटी, आणि शिकवणाऱ्याच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेकची पेडलं. माझे केस काळे होते तेव्हापासून तो लोकांना गाडी शिकवतो आहे. सगळे त्याला मास्तर म्हणतात आणि ते त्याच्या अंगात पुरतं मुरलंय. तो भाजी निवडायला बसला तरी आपण चुकतोय असं आपल्याला वाटायला लागतं.

सून सिंकपाशी उभी राहून कप विसळत होती. "मामा, खरं सांगते, परीक्षा घेणारे साहेब शेजारी बसले की चढावर पेडल वेगळंच लागतं. एकदम वर उसळतं. तुम्ही असता तेव्हा कसं मऊ येतं आणि एका जागी थांबतं."

"गाडी तीच, पेडल तेच. नाचता येईना, अंगण वाकडं."

ती कप विसळत राहिली. उलटून बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. तो गेल्यावर हात पुसत म्हणाली, "आई, मी मेट्रनबाईंना सांगून टाकते. दुसरी कुणीतरी बघा म्हणावं."

मला हे ऐकवेना. माझा मुलगा जहाजावर असतो, वर्षातले बरेच महिने घरी नसतो. सून हॉस्पिटलात नर्स आहे, कायमची रात्रपाळी. ती घरी येते तेव्हा नात शाळेला निघालेली असते आणि नात संध्याकाळी घरी परतते तेव्हा ही कामाला निघते. मायलेकींची भेट होते ती दारात, एकीच्या हातात डबा आणि दुसरीच्या हातात चपला. आता हॉस्पिटलने घरोघरी जाऊन आजाऱ्यांची शुश्रूषा करायचं काम काढलं होतं. दिवसाची पाळी, हॉस्पिटलची गाडी, फक्त ती स्वतः चालवता आली पाहिजे. मेट्रनबाईंनी महिनाअखेरपर्यंत जागा हिच्यासाठी धरून ठेवली होती. हातातोंडाशी आलेला घास असा एका चढासाठी सोडायचा?

"एक परीक्षा बाकी आहे ना? ती होऊ दे, मग सांग काय सांगायचं ते," मी म्हणाले. ती हो म्हणाली, पण माझं मन राखायला.

दोन-चार दिवसांनी भाऊ मला बाजारातून घरी सोडत होता, तर गाडीत इस्त्री कपड्यावर विसरल्यासारखा वास यायला लागला. इंजिन ओरडत होतं आणि गाडी मात्र रडतखडत चालली होती. "खाल्ला क्लच पुन्हा या कार्ट्यांनी," असं म्हणत त्याने गाडी तशीच गॅरेजमध्ये घातली. पिशव्या मांडीवर घेऊन मी तिथल्या स्टुलावर बसले.

गॅरेजवाल्याने दुसऱ्या दिवशी गाडी उघडली, तेव्हाही मी भावाबरोबर गेले. भांडण बघायला मिळेल अशी आशा होती. क्लचची जुनी प्लेट हातात धरून गॅरेजवाला म्हणाला, "मास्तर, वर्षात दुसरी. पाहा कशी गुळगुळीत झालीय. कुणीतरी कायम पाय टेकवून बसतंय क्लचवर."

"कुणीतरी? सगळेच!" भाऊ उसळला. "ओरडून ओरडून घसा बसला माझा. गिअर पडला की पाय पेडलवरून काढा. सिग्नलला न्यूट्रल करा. चढावर गाडी क्लचवर तोलून धरू नका, हँडब्रेक कशाला दिलाय? ऐकेल तर शपथ."

"शिकाऊ माणूस गाडी बंद पाडतो, धक्के देतो," गॅरेजवाला म्हणाला. "पण ही चांगली सराईत पायाने घासलीय."

भावाने ते कानाआड केलं. माझ्या मात्र डोक्यात ते राहिलं.

नवीन क्लच बसल्यावर सुनेची शिकवणी पुन्हा सुरू झाली आणि मी न विचारता मागच्या सीटवर जाऊन बसले. भाऊ तिला टाकून बोलला तर त्याला परत टाकून बोलायला कुणीतरी हवं होतं. मी सुनेच्या मागे बसले होते, त्यामुळे भाऊ मला तिरका, कमरेपासून खाली नीट दिसत होता. पाण्याच्या टाकीकडे जाणाऱ्या चढावर सुनेने मधोमध गाडी थांबवली. मग पुन्हा निघाली. लोण्यातून सुरी फिरावी तशी गाडी वर गेली.

आणि भावाचा डावा गुडघा हळूच खाली आला.

मी डोळे चोळले. पुढच्या वळणावर गिअर बदलताना गुडघा आधी वर, मग खाली. सिग्नलला तर मास्तरांचा बूट पेडलवर असा विसावला होता, जसा काही तो तिथेच राहायला आलाय. तोंडाने मात्र चालू होतं, "न्यूट्रल करा, क्लचवरून पाय काढा."

"थांबव गाडी," मी सुनेला म्हणाले. तिने बाजूला घेतली. "आणि तू, पाय बघ तुझा कुठे आहे."

भावाने खाली पाहिलं. पाय चोरासारखा मागे घेतला. "काहीतरीच काय, ताई. मी नुसता तयारीत असतो."

"तयारीत? अरे, तिच्या पायाखालचं पेडल तुझ्या पेडलला जोडलेलं आहे ना? तू दाबून धरतोस म्हणून तिला वाटतं, ते तिथेच थांबतं. परीक्षेला तो साहेब पाय पोटाशी घेऊन बसतो आणि हिच्या पायाखालून ते उसळतं. पोरगी तुला तोंडाने सांगत होती आणि तू अंगण वाकडं म्हणालास! दिव्याखाली अंधार तो हाच. दोन क्लच तू खाल्लेस आणि नावं ठेवलीस साऱ्या जगाला."

मला हसू येत होतं आणि रागही येत होता. सून मात्र दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत होती. "म्हणजे मामा," ती सावकाश म्हणाली, "मी चढावर एकदाही गाडी चढवलीच नाही? इतके दिवस तुम्हीच चढवत होता?"

भावाचा चेहरा पडला. मी त्याला लहानपणापासून ओळखते. तो खोटं बोलायच्या आधी कान खाजवतो. त्याने कान खाजवला नाही.

"माझा अगदी पहिला शिकाऊ," तो म्हणाला, "चढावरून मागे घसरला. मी ब्रेक दाबेपर्यंत मागे एका पोराची सायकल चेपली. पोरगं बाजूला उभं होतं, म्हणून वाचलं. तेव्हापासून पाय आपोआप जातो गं. मला कळतसुद्धा नाही."

इतक्या वर्षांत हे त्याने मला सांगितलं नव्हतं. मला त्याची दया आली, पण दया दाखवली की तो दिवसभर उसासे टाकत बसला असता. शिवाय महिनाअखेर जवळ आली होती.

"बूट काढ," मी म्हणाले. "सीट मागे घे आणि मांडी घालून बस."

"ताई, मी शिक्षक आहे!"

"म्हणूनच. ब्रेक लागला तर तिच्याकडे आहे, हातात हँडब्रेक आहे, आणि मागे रस्ता रिकामा आहे की नाही ते मी बघते. घाल मांडी."

मास्तरांनी मांडी घातली. पाटी लावलेल्या गाडीत, पायमोज्यांवर, पंगतीला बसल्यासारखे.

मग सुरू झालं खरं शिक्षण. पहिल्यांदा गाडी बंद पडली. दुसऱ्यांदा अशी उडी मारली की माझा चष्मा नाकावरून उतरला. पुढच्या खेपेला हातभर मागे घसरली, भावाने स्वतःचे दोन्ही घोटे गच्च धरले आणि सुनेने हँडब्रेक ओढला. गाडी थांबली. तिची तिने थांबवली होती. तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि कितीतरी दिवसांनी हसली.

"घाई नको," भाऊ म्हणाला. आवाज ओरडायचा नव्हता. "हँडब्रेक असू दे. क्लच सावकाश सोड. इंजिनाचा आवाज जड होईल, गाडीचं नाक किंचित उचलेल. तेवढंच ऐक. मग थोडा ॲक्सिलरेटर, मग हँडब्रेक सोड. आणि गाडी निघाली की पाय पूर्ण बाजूला. तिथे रेंगाळायचं नाही."

आवाज जड झाला. मलासुद्धा मागे कळला. गाडी क्षणभर दबा धरून बसली आणि मग वर निघाली, जराशी अडखळत, लोण्यासारखी मुळीच नाही. पण तिची ती निघाली. वर टाकीपाशी पोचल्यावर सून रडली आणि मीही रडले. भाऊ मांडी मोडायला धडपडत होता, कारण पायाला मुंग्या आल्या होत्या.

परीक्षेच्या दिवशी आम्ही दोघं चढाच्या पायथ्याशी उभे होतो. साहेब शेजारी, पाय मागे. गाडी मधोमध थांबली. भावाने माझं मनगट धरलं, ते दुखायला लागलं तरी मी सोडवलं नाही. गाडी जागची हलेना. मागे एक पाण्याचा टँकर येऊन उभा राहिला, त्याने हॉर्न दिला. मी मनात म्हटलं, ऐकू नकोस त्याचं, इंजिनाचं ऐक. तिने त्याचं ऐकलं नाही. तिने लागला तेवढा वेळ घेतला आणि एक बोटही मागे न येता गाडी वर गेली.

पास झाल्याचा कागद घेऊन ती आली, ती फोनवर मेट्रनबाईंशी बोलतच. "सोमवारपासून, हो, दिवसपाळी." मग तिने फोन ठेवला आणि भावासाठी मागचं दार उघडलं. "मामा, आज तुम्ही मागे."

तो माझ्या शेजारी बसला. मागे पेडलं नसतात. सुरुवातीला त्याला पाय कुठे ठेवावेत ते कळेना. ती बाजाराच्या रस्त्याला लागली, सिग्नलला न्यूट्रल केलं, पाय बाजूला घेतला, पुन्हा निघाली. तो प्रत्येक वेळी मान लांब करून बघायचा आणि बोलण्यासारखं काही न सापडून परत टेकायचा. पुलाच्या चढावर गर्दीत थांबलो, निघालो, पुन्हा थांबलो. त्यानंतर तो मान लांब करायचा थांबला. मी वळून पाहिलं तर मास्तरांचं डोकं खिडकीला टेकलं होतं, तोंड उघडं होतं. चालत्या गाडीत माझा भाऊ झोपलेला मी जन्मात पाहिला नव्हता.

घराचं वळण आलं. सुनेने आरशातून मागे पाहिलं.

"आई, पोरीची शाळा सुटायला वेळ आहे ना अजून?" ती हळू आवाजात म्हणाली आणि वळण सोडून सरळ पुढे गेली. "झोपू देत त्यांना. आपण तिला घेऊनच येऊ."