दोन फाटकांमधला दगडी ओटा

मी एक जुना दगडी ओटा आहे, मित्रांनो, गुरांच्या दवाखान्यातला. दोन देशांमधल्या नदीवर एक लांब पूल आहे. त्याच्या दोन टोकांना दोन फाटकं, आणि मधल्या बेटावर आमचा दवाखाना. डॉक्टरांना वाकावं लागू नये म्हणून गवंड्याने मला कमरेइतकं उंच बांधलं. किती करडांनी माझ्या अंगावर थरथरते पाय रोवले! त्यांची इवली धडधड मला आतपर्यंत जाणवायची.

मग लढाई झाली. ती थांबली, तरी फाटकं उघडेनात. मी धूळ खात पडलो. पण गुरांची साथ काही सीमा बघून पसरत नाही. म्हणून पहारेकरी दोन्हीकडची आजारी जनावरं माझ्यापाशी आणू लागले, आणि दोन डॉक्टरांना तेवढी परवानगी मिळाली: अलीकडच्या डॉक्टरीणबाई आणि पलीकडचे काका.

अलीकडे शेळ्या राखणाऱ्या एक मावशी होत्या. त्यांची लेक पलीकडे नांदत होती, पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. फाटकाशी त्या डॉक्टरीणबाईंचा हात धरून म्हणायच्या, "बाई, पोर एकटी आहे हो. तिच्या उशाशी मी नको का?"

तिकडे मोठ्या दालनात दोन्हीकडच्या साहेबांची बोलणी अडली होती. "आधी तुम्ही उघडा." "का म्हणून? आधी तुम्ही!" आधी उघडेल तो हरला, असंच सगळे समजत होते.

एकदा शेळीला औषध पाजता पाजता काका म्हणाले, "आमचे साहेब वाईट नाहीत हो. हरलेले दिसायची भीती वाटते त्यांना."

"आमच्यांचंही तेच!" बाई हसल्या. "आपण इथे लसीकरण ठेवलं तर? दोन्हीकडची गुरं मध्ये आणायची, म्हणजे दोन्ही फाटकं एकदमच उघडावी लागतील."

"आणि माणसं?"

"शेळी काय एकटी येते का, काका?"

दोघांनी ही गोष्ट आपापल्या साहेबांच्या कानावर घातली. मग दोन्ही साहेब माझ्यापाशी आले.

"हे आम्हाला का नाही सुचलं?" अलीकडचे साहेब म्हणाले.

"तुम्ही बोललात की बातमी होते, साहेब. आमचं बोलणं शेळीच ऐकते," बाई म्हणाल्या.

"पण आमच्या शब्दावर फाटक उघडत नाही," काका म्हणाले. "आज उघडलं, उद्या कुणी लावून घेतलं तर? तिथे तुमची सहीच हवी."

साहेब पुन्हा दालनात बसले. 'आधी' हा शब्द खोडला आणि लिहिलं: रोज सकाळी दोन्ही फाटकं एकाच वेळी उघडतील, माणसांसाठीही. सह्या मात्र माझ्यावर झाल्या, उभ्याउभ्याच, कारण दवाखान्यात खुर्ची नव्हती!

शिट्टी वाजली. दोन्ही फाटकं एकदम उघडली आणि दोन्हीकडून शेळ्या, मेंढ्या, माणसं यांचा लोंढा आला. पलीकडून पोट सावरत मावशींची लेक घाईघाईने येत होती.

"अगं, पळू नकोस!" मावशी ओरडल्या, आणि स्वतःच पळत सुटल्या.

मित्रांनो, भांडण कितीही पेटलं तरी मोकळेपणी बोलता येईल अशी एखादी जागा मोडू नका. तिथे जे जुळेल, ते मोठ्यांच्या सहीने पक्कं करून घ्या. त्या सकाळी मायलेकी माझ्यापाशीच एकमेकींना बिलगल्या होत्या, आणि पहारेकरी टोप्या उडवत होते. दोन्हीकडचे!