दोन मुक्काम

दाराशेजारी घंटीचं बटण होतं, पण तिने मुठीनेच दार ठोकलं. आतून, टॉवेल बाहेरच ठेवा, असं उत्तर आलं. तिने पुन्हा ठोकलं. या खेपेला दार उघडलं आणि हॉटेलचा पांढरा झगा व पातळ सपाता घातलेला तिचा नवरा समोर उभा राहिला. पंप दुरुस्तीच्या कामाला दूरच्या गावी जातो असं सांगून तो कालच बॅग घेऊन निघाला होता. हे हॉटेल घरापासून चालत येण्याच्या अंतरावर होतं.

तो काही बोलायच्या आत ती खोलीत शिरली. न्हाणीघराचं दार ढकललं, पडदा ओढला, कपाटसुद्धा उघडून पाहिलं. कपाटात त्याचा शर्ट आणि इस्त्री.

"कोणी नाहीये," तो म्हणाला. "शप्पथ."

खरंच कोणी नव्हतं. पलंगावर एकाच उशीला खड्डा पडला होता. कोणी सापडली असती तर निदान भांडणाला तोंड फुटलं असतं. आता चिडायचं तरी कोणावर, उशीवर?

तो पकडला गेला भोंग्यामुळे. संध्याकाळी त्याने नेहमीसारखा फोन केला, काम लांबलंय, उद्याची रात्रही इकडेच जाईल म्हणाला. तेवढ्यात कारखान्याची पाळी सुटल्याचा भोंगा झाला. तिला तो एका कानाने खिडकीतून ऐकू आला आणि दुसऱ्या कानाने फोनमधून. गावाला त्या भोंग्याची इतकी सवय, की त्यासाठी कोणी बोलता बोलता थांबत नाही. तोही थांबला नाही. बिचारा तिकडच्या उकाड्याबद्दल सांगत राहिला आणि इकडे तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेजारच्या काकूंना सासूबाईंजवळ बसवून तिने चपला पायात सरकवल्या. कुठे शोधायचं हा प्रश्नच नव्हता. या एका कंपनीची हॉटेलं सोडून तो कुठेही पाठ टेकत नसे, आणि गावात त्यांचं हे एवढंच होतं.

आधी ऐकून तर घे, असं म्हणत त्याने सगळं सांगितलं. वर्ष संपत आलं होतं आणि हॉटेल कंपनी नेहमीच्या गिऱ्हाइकांना देते ते सोनेरी कार्ड टिकवायला तीन मुक्काम कमी पडत होते. कार्ड गेलं की वरच्या मजल्यावरची मोठी खोली गेली, फुकटचा नाश्ता गेला, फुकट मुक्कामासाठी साठवायचे पॉइंटही निम्मेच मिळणार. इथली साधी खोली तीन रात्री घेतली की पुढचं अख्खं वर्ष वसूल. सांगता सांगता त्याला हुरूप चढला.

"आणि इथे झोपायलाच पाहिजे असंही नाही. खोलीत कोण झोपलं ते कोण बघतंय? माझ्या नावावर मुक्काम पडला की झालं."

"मग घरी येऊन का नाही झोपलात?"

तो झग्याचा पट्टा सोडून पुन्हा बांधू लागला.

"घरी झोप होत नाही गं. आई रात्रभर हाका मारते."

सासूबाई न्हाणीघरात घसरून पडल्या, तेव्हापासून त्या हाकांना ओ देत होती ती. कूस बदलायची, चादर बदलायची, पाणी पाजायचं, आणि डोळ्याला डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा उठायचं. तो मात्र महिन्याच्या सुरुवातीला कॅलेंडर बघून सांगायचा, या खेपेला घरी चार मुक्काम आहेत. घरच्या रात्रींनाही मुक्कामच म्हणायचा. तिने ते हौसेने माहेरी सांगून सगळ्यांना हसवलं होतं. आज ते आठवून तिला स्वतःचाही राग आला. समुद्रकाठच्या हॉटेलचं त्याचं आश्वासन तर जुनंच होतं. दर वर्षी ती बॅग काढायची आणि दर वर्षी तो म्हणायचा, आत्ता पॉइंट काढले तर नुकसान आहे, आणखी थोडे साठू देत.

"तुझ्यासाठीच साठवतोय ना सगळं," तो आताही म्हणाला.

ती खुर्चीत बसली. पायांतल्या चपला काढून तिने पलंगाखाली सरकवल्या.

"राहिले किती?"

"काय?"

"मुक्काम."

"आजचा आणि उद्याचा."

तिने पर्समधून घराची किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली. काकू जेवणवेळेपर्यंतच थांबतील, असं सांगितलं. आईंना जेवण अगदी मऊ लागतं, गोळ्या त्यांच्या उशाशी आहेत, आणि रात्री दोनदा तरी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात, हेही सांगितलं. आवाज चढवला नाही.

"अगं, मला कसं जमेल? आणि माझ्याकडून करून घ्यायला आईला संकोच वाटेल."

"मलाही वाटला होता. पहिल्या दिवशी."

त्याने कपाटातला शर्ट काढून घातला. बॅग भरू लागला तेव्हा तिने ती काढून घेतली. मुक्काम त्याच्या नावावर पडायचा होता, तेव्हा सामान राहू दे म्हणाली. दारापाशी तो घुटमळला. ती उशी पालथी करून पाहत होती.

तो गेल्यावर ती पलंगावर आडवी झाली, पण अंगातला राग काही उतरेना. मुठी तशाच आवळलेल्या. जरा वेळाने उशाशी ठेवलेला फोन वाजला. खाली काउंटरवरची मुलगी होती. सोनेरी कार्डाच्या पाहुण्यांना फळं पाठवायची असतात, साहेब आहेत का, असं तिने अदबीने विचारलं.

"साहेब बाहेरगावी गेलेत," ती म्हणाली. "दोन मुक्काम आहेत त्यांचे."